बाजाराच्या छपराचे गाणे

आपो या उत्सवाच्या आठवड्यात आमच्या गावात कोणीही कोणालाही तोंडावर काहीही सुनावू शकतो. बोलणाऱ्याला शिक्षा नाही आणि ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा नाही. राजा स्वतः मोठ्या छत्रीखाली बसून वर्षभरातली आपली निंदा ऐकतो आणि शेवटी गाणाऱ्यांना मद्य पाजतो. यामागची समजूत जुनी आहे. दाबून ठेवलेली तक्रार बोलणाऱ्याच्या आत्म्याला आजारी पाडते, आणि ज्याच्याविषयी ती दाबली त्याच्याही. या समजुतीचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयी मी पुष्कळ वर्षे वाद घालत आलो आहे.

बायकांच्या गाण्याची पुढारी म्हणजे माझी थोरली बहीण टिवा. ती बाजारात याम नावाचे कंद विकते. डोंकोर हा जिल्ह्याचा कारभारी होता तेव्हा बाजाराला छप्पर घालण्याचे वचन देऊन तो विसरला, आणि टिवाने आपोत गायले, ‘डोंकोर, तुझ्या मोटारीलाही छप्पर आहे, आमच्या डोक्यावर ऊन आहे.’ त्याने हसून ऐकले, कारण तसा रिवाज आहे. पण उत्सव संपल्यावरही बायका बाजारात तेच गाणे म्हणू लागल्या, तेव्हा शांतताभंगाच्या नावाखाली त्याने तिला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले. त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर उभे राहून ज्याने भाषण केले, तिचे गाणे कर्ण्यावरून गावोगाव वाजवले आणि रेडिओवर बोलण्याच्या हक्काविषयी तावातावाने सांगितले, तो तिचा मुलगा ग्याबा. राजधानीत त्याचा पक्ष निवडून आला आणि डोंकोरच्या खुर्चीवर ग्याबाची नेमणूक झाली.

छपराचे पत्रे खरोखरच आले. पण ते बाजारावर न चढता पक्षाच्या नव्या कचेरीवर चढले.

यंदा उत्सवाच्या तोंडावर ग्याबा माझ्याकडे आला. आमच्यात आईपर्यंत न्यायची अवघड गोष्ट मामाच्या तोंडून जाते. म्हणून त्याला मोटार कोपऱ्यावर ठेवून माझ्या अंगणात यावे लागले. मी पाणी दिले आणि येण्याचे कारण विचारले.

“मामा, आईला सांगा, यंदा माझ्यावर गाऊ नकोस.”

“मागं ठाण्यापुढं तू काय म्हणाला होतास, आठवतं?”

“ते डोंकोरच्या वेळचं.”

“म्हणजे हक्क डोंकोरच्या वेळी होता आणि आता नाही? हे बघ, दोनातलं एकच खरं असू शकतं. एक तर ठाण्यापुढं तू खोटं बोललास, नाहीतर आज चुकीचं मागतोयस.”

“तुमच्याशी वादात कोण जिंकलंय? बकरीसुद्धा तुमचं कुंपण टाळते.” तो हसला, पण ते हसू टिकले नाही. “माझी खुर्ची घ्यायला आमच्याच पक्षातले चौघे टपलेत. गाणं फोनवरून राजधानीत पोचलं की मी संपलो.”

“खुर्ची राखायची तर पत्रे हलव.”

“तेवढंच नाही, मामा.” तो पाण्याच्या भांड्याकडे पाहत राहिला. “दुसऱ्या कुणी म्हटलं तर ऐकून घेईन. सगळ्यांसमोर, तिच्या तोंडून… आईनं नको.”

निरोप नेण्याचे मी कबूल केले.

टिवाच्या अंगणात मी पोचलो तेव्हा तिथे डोंकोर आधीच बसला होता. भेट म्हणून आणलेले घडी केलेले नवे कापड त्याने तिच्या पायाशी ठेवले होते.

“आई,” तो अगदी गोड आवाजात म्हणत होता, “गळा जपा. लोकांचा आवाज आज तुमच्यातच उरलाय. काल रेडिओवर मी हेच म्हणालो. कलावंताचं तोंड कुणी बंद करता कामा नये.”

“ठाण्यात बसवलंस तेव्हा माझ्या गळ्यावर एवढी माया नव्हती रे.”

“तेव्हा परिस्थिती वेगळी होती.”

“हो ना. खुर्ची तुझ्या बुडाखाली होती.” टिवाने यामची साल काढता काढता पायाने कापड त्याच्याकडे सरकवले. “हे घेऊन जा. आणि आपोला ये बरं, तुझंही कडवं आहे.”

डोंकोर कापड काखेत मारून निघाला. फाटकाशी त्याने मला नमस्कार केला, पण माझ्याकडे पाहणे टाळले.

मी निरोप सांगितला. शेवटचे दोन शब्द भाच्याच्याच सुरात सांगण्याचा मी प्रयत्न केला. टिवाची सुरी थांबली.

“असं म्हणाला? आईनं नको?”

“असंच.”

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “खरं सांगू? मलाही ते जमत नाहीये. बायकांबरोबर म्हणायला बसते, आणि त्याचं नाव आलं की घसा बंद होतो. बायका म्हणतात, अक्का, तेवढं सोडून पुढं जाऊ या.”

“मग सोड. तुला कोण दोष देईल?”

“आणि मग त्याला कोण बोलेल? त्याच्या भोवती जे आहेत त्यांना त्याच्याकडून काहीतरी हवंय. जे विरुद्ध आहेत त्यांना त्याची खुर्ची हवीय. काहीही नको असताना त्याला शिव्या देईल असं माझ्याशिवाय कोण आहे, तूच सांग.” तिने साल टोपलीत टाकली. “लोक तोंडावर गप्प राहिले ना, की माणूस आतून सडतो. तू नाही मानत हे, माहीत आहे मला.”

त्या दिवशी मी वाद घातला नाही.

मिरवणुकीच्या दिवशी चेहऱ्यांना लाल माती फासून, अंगाला पाने बांधून बायका राजवाड्यापुढच्या मैदानात उतरल्या. राजाशेजारी ग्याबा बसला होता. मैदानाच्या कडेला ग्याबाच्या पक्षाची कर्णेवाली गाडी उभी होती. टिवाने प्रथम राजाला त्याच्या कंजूषपणावरून धुतले. मग डोंकोरच्या नव्या रेडिओभक्तीवर कडवे झाले आणि तो दात दाखवून हसला. मलाही तिने सोडले नाही. मग ती मुलापुढे येऊन उभी राहिली, आणि त्याच क्षणी गाडीचे कर्णे दणाणू लागले.

बायकांचे ढोल त्यात बुडून गेले. टिवा हातवारे न करता नुसती उभी राहिली. सगळ्यांचे डोळे ग्याबावर होते. तो खुर्चीवरून उठला आणि मैदान ओलांडून चालू लागला. गाणे समोर असताना उठण्याचा गुन्हा आमच्या आठवणीत कोणी केला नव्हता. राजाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले, आणि डोंकोरने खिशातून फोन काढला. ग्याबा गाडीपाशी गेला, आतल्या माणसाशी काही बोलला आणि कर्णे थांबले. परत येऊन तो खुर्चीवर बसला नाही. आईपुढे उभा राहून त्याने खांद्यावरचे वस्त्र छातीपर्यंत उतरवले, जसे आम्ही मोठ्यांपुढे उतरवतो.

“गा, आई.”

तिने सुरुवात केली. ‘पत्रे आले, पत्रे गेले, कचेरीवर जाऊन बसले.’ बायकांनी साथ दिली. नावापाशी तिचा आवाज फाटला; ती थांबली आणि तेच नाव पुन्हा, अधिक मोठ्याने घेतले. ‘ग्याबा, तुझ्या खुर्चीला सावली, तुझ्या आईच्या टोपलीला ऊन.’ यानंतरची ओळ टाळ्यांच्या आणि आरोळ्यांच्या गदारोळात गेली. ग्याबा मान खाली घालून शेवटपर्यंत उभा होता. गाणे संपल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे आभार मानले, आणि कोणतेही वचन दिले नाही. मला ते योग्य वाटले.

संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाची दोन चित्रणे फोनवरून फिरू लागली. डोंकोरच्या माणसांनी पाठवलेल्यात डोंकोरचे कडवे नव्हते. ग्याबाच्या पक्षाने पाठवलेल्यात फक्त डोंकोरचेच होते. दोन्हींखाली मजकूर मात्र एकच होता: जनतेचा आवाज कोणी दाबू शकत नाही. ग्याबाला राजधानीतून बोलावणे आले. त्याचे पुढे काय होईल ते मी हे लिहीपर्यंत कोणाला ठाऊक नाही. पत्रे अजून कचेरीवरच आहेत.

निघण्यापूर्वी तो आईकडे जेवायला आला. मीही तिथे होतो. टिवाने फुफू, म्हणजे कुटलेल्या यामचा गोळा, आणि पामफळांचे कालवण त्याच्यापुढे ठेवले. त्याने हात धुतले, पण जेवायला सुरुवात केली नाही.

“आई, टोपलीच्या पुढची ओळ मला ऐकू आली नाही.”

“लोकांनी ऐकली ना. बास.”

“मला ऐकायचीय.”

टिवा चुलीपाशी बसली होती. तिने ती ओळ गायली नाही, नुसती सांगितली, जशी बाजारात एखाद्याला वाट सांगावी.

“पाठीवर बांधून तुला याच उन्हात वाढवलं. तू विसरलास, पाठ विसरली नाही.”

ग्याबाने ती ओळ ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिली. मग त्याने विचारले, पाठ अजून दुखते का.

“उन्हात बसल्यावर,” ती म्हणाली. “जेव आता, कालवण गार होतंय.”