गुळवेलीचा काढा

"काढा? कसला काढा?" डॉक्टर मृणालिनींनी पेन खाली ठेवलं.

राजेश खाटेवर उठून बसला. "गुळवेलीचा, मॅडम. इम्युनिटी वाढते. हा माझा चुलतभाऊ हितेंद्र, ह्यानेच गावाहून आणून दिला."

हितेंद्र मान ताठ करून उभा होता, जणू इथे त्याचा सत्कारच होणार होता.

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षापूर्वी स्वतःची एक किडनी तिने या नवऱ्याला दिली होती. तेव्हापासून दर महिन्याला ती त्याला लालबागहून परळला सलाइनमधून औषध द्यायला आणत होती. ते कशासाठी, हे मृणालिनीबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. शरीरातल्या लढाऊ पेशीला नवी किडनी परकी दिसते. पण तेवढ्यावर ती हल्ला करत नाही. दुसऱ्या पेशीवरच्या एका प्रथिनाने तिला चिथावणी द्यावी लागते. चाळीत अनोळखी माणूस शिरला तर लोक नुसते बघतात, कुणी 'चोर!' म्हणून ओरडलं की मग तुटून पडतात, तसंच. औषध त्या ओरडणाऱ्याचं तोंड दाबून धरतं.

आणि हे दोघे दीडशहाणे त्याच पेशींना खुराक पाजत होते!

"कालच्या बायोप्सीत रिजेक्शन दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "काढ्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण असलं काही घ्यायचं नाही, हे बजावलं होतं. किडनी वाचेलसं वाटत नाही, कालिंदीताई. डायलिसिस सुरू करावं लागेल."

त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

"मला का नाय सांगितलंत?"

"तू घेऊ दिला नसतास," राजेश पुटपुटला.

"माझी किडनी होती ती! बाजारातून आणलेली भाजी नव्हती!"

"चिडून काय होणार, वहिनी?" हितेंद्र म्हणाला. "आपली अपेक्षा हाय ना. तरणी पोर. तिची जुळेल की."

अपेक्षा त्यांची एकुलती लेक, नुकतीच नोकरीला लागलेली. कालिंदीने नवऱ्याकडे पाहिलं. तो नुसतं 'नको' म्हणाला असता, तरी तिने सगळं माफ केलं असतं.

राजेशने पायावरची चादर सारखी केली. "तिचा ब्लड ग्रुप काय गो?"

"पोरीचं नाव काढायचं नाय!" कालिंदी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघू लागले. "भावोजी, तुमचा ग्रुप कुठला ते सांगा आधी."

हितेंद्रला एकदम कुणालातरी फोन करायचं आठवलं. तो बाहेर गेला तो परत आला नाही.

"रागावलीस?" राजेशने विचारलं.

कालिंदीने पर्स उचलली आणि डायलिसिसची वेळ ठरवायला ती काउंटरकडे गेली.