गुळगुळीत टायर

परदेशातून आलेल्या मदतीचा पैसा योग्य जागी पोचतो की नाही, हे बघणं हे तिचं काम. कचेरीत सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. नणंद मात्र ‘आमचं खोदकाम खातं’ म्हणायची, कारण एखादी गोष्ट फार सुरळीत चालली की हिला चैन पडत नसे.

आणि डोंगरावरच्या इस्पितळाचं काम तर लोण्यासारखं चाललं होतं. तिथे औषधं, पट्ट्या, पलंग पोचवायचं सरकारी कंत्राट घेतलेल्या आधीच्या दोघांनी हात टेकले होते. वाटेतल्या खिंडीत बंदूकवाल्यांचं राज्य. एकाचा ट्रक त्यांनी जाळला, दुसऱ्याचा माल दरीत लोटला. मग हा तिसरा आला आणि वर्षभरात त्याचं एक खोकंसुद्धा कमी पोचलं नाही. पुढचं मोठं कंत्राटही त्यालाच द्यायचं ठरलं होतं. फक्त तिची सही बाकी होती.

“करून टाका सही,” साहेब म्हणाले. “असा माणूस शोधून सापडायचा नाही.”

“एकदा त्याच्या ट्रकमधून जाऊन येते.”

“कशाला?”

“याला कुणी अडवत कसं नाही, ते बघायचंय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

ट्रकचा ड्रायव्हर बोलघेवडा निघाला. “दार जोरात ओढा बाई, नाहीतर वळणावर दार एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.” घाट सुरू झाला तशी मागची चाकं सरकायला लागली. तिने सीट घट्ट धरली. “घाबरू नका, रोजचंच आहे,” तो म्हणाला. “मालकांना सांगून थकलो, टायर बदला म्हणून. माझ्या टकलावर त्या टायरांपेक्षा जास्त नक्षी आहे.”

तिने कान टवकारले. या ट्रकच्या नव्या टायरांची बिलं दर महिन्याला कचेरीत येत होती, सगळी एकाच दुकानाची, आणि ती तिनेच मंजूर केली होती. चहाला थांबल्यावर ती मागे गेली आणि चाकावरून हात फिरवला. गुळगुळीत.

खिंडीत रस्त्यावर ओंडका आडवा टाकलेला होता. शेजारी तोंडं बांधलेली दोन पोरं बंदुका घेऊन उभी. पुढचा भाजीचा टेम्पो अडकला होता, त्याचा ड्रायव्हर हात वर करून बाहेर. यांचा ट्रक दिसताच मात्र पोरांनी टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि ओंडका ओढला. मागून वर परतणाऱ्या दुधाच्या दोन रिकाम्या गाड्याही सहज निघून आल्या.

“दूधवाल्यांना सोडतात?”

“दूध त्यांच्याच गावांचं बाई. अडवलं तर घरी आई ताट वाढायची नाही.”

“आणि आपल्याला?”

“मालकांचं नशीब,” तो म्हणाला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

वर पोचल्यावर नणंद भेटली; ती त्याच इस्पितळात मोठी नर्स होती. तिने वहिनीला मिठी मारली, लगेच वॉर्ड दाखवायला नेलं. खिडकीपाशी एक माणूस कुबड्या घेऊन पाऊल टाकायला शिकत होता.

“बस अड्ड्यावरच्या स्फोटातला,” नणंद हळूच म्हणाली. “त्या दिवशी माणसं नुसती येत होती गं. तुम्ही पाठवलेल्या पट्ट्या होत्या म्हणून निभावलं.”

तो स्फोट खिंडीतल्याच लोकांनी केला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने वहीत टायरांच्या दुकानाचं नाव लिहून ठेवलं.

परतल्यावर ती टायरांच्या दुकानात गेली. अरुंद बोळ, आत अंधार, भिंतीला टेकवलेले चार-पाच टायर. तेही स्कूटरचे, बोटभर धूळ बसलेले.

“ट्रकचा टायर हवा होता.”

“नाही मिळत,” गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणाला.

“मग काय मिळतं इथे?”

आता त्याने मान वर केली. “दुकान बंद करायची वेळ झाली बाई.” बाहेर टळटळीत दुपार होती. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत तिने पाठीमागे पाहिलं नाही.

कंत्राटदाराला तिने कचेरीत बोलावलं. पिकल्या केसांचा, मऊ बोलणारा माणूस. साहेबही बसले होते.

“टायर कुठे आहेत?” तिने विचारलं.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, “टायरांचे पैसे त्या दुकानातून खिंडीत जायचे. ते न देता गेलो असतो तर ट्रकसकट ड्रायव्हर जळाला असता. तुम्हाला वर औषध हवं होतं, मी पोचवलं. कसं पोचवलं, हे वर्षभर कुणी विचारलं?”

“आणि त्या पैशाचं पुढे काय होतं, ते तुम्ही विचारलंत?”

“नाही,” तो म्हणाला. “भीती वाटायची, कुणी सांगेल म्हणून.”

त्याच दिवशी त्याने पोलिसांना सगळं सांगितलं. दुकान कुणाचं, निरोप कोण आणतं, सगळं. कंत्राट गेलं आणि खटलाही उभा राहिला.

“छान,” साहेब म्हणाले. “आता इस्पितळात काय हवेतून पाठवायचं? तुमची नणंदच शिव्या घालेल.”

“दुधाच्या गाड्या वर जाताना रिकाम्या असतात,” ती म्हणाली.

मग दूधवाल्यांच्या सहकारी संस्थेची चौकशी झाली. चालवतं कोण, भाडं कुणाच्या हातात पडतं, हे तिने गावोगाव फिरून विचारलं. एका पदाधिकाऱ्याचा मेव्हणा खिंडीतल्या टोळीतला निघाला, त्या पदाधिकाऱ्याला दूर ठेवलं. बाकीच्यांशी करार झाला.

पहिल्याच खेपेला बंदूकवाल्यांनी एक गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी वरच्या गावातल्या बायका येऊन ओंडक्यावरच बसल्या. त्यातल्या एकीने बंदूकवाल्या पोराला नावाने हाक मारून विचारलं, “माझी सून आठव्या महिन्यात आहे. तिचं औषध अडवतोस का रे?” पोराने फडकं आणखी वर ओढलं. गाड्या गेल्या.

आठवड्याभरात नणंदेचा फोन आला. “वहिनी, पट्ट्यांना दुधाचा वास येतोय. मांजर वॉर्डातून हलत नाही.”

“येऊ दे वास. जनरेटरवाचून कसं चाललंय?”

नवा जनरेटर खालीच गोदामात पडून होता. दुधाच्या गाडीत तो मावत नव्हता. “परवा वीज गेली आणि दोन बाळंतिणींना खाली पाठवावं लागलं,” नणंद म्हणाली. “वाचल्या. पण थोडक्यात.”

मग तिने विचारलं, “मला सांग, जनरेटर पूर्ण खोलता येतो का गं? म्हणजे तुकड्यातुकड्यांनी पाठवला, तर वर कुणी जोडेल?”

“मला काय माहीत बाई! थांब, मिस्त्री आवारातच आहे. फोन ठेवू नकोस.”

पलीकडे चपलांचा आवाज लांब गेला. फोन कानाला लावून तिने एक कोरा कागद ओढला आणि जनरेटरला कायकाय असत असेल, याचा विचार करत वाट बघू लागली.