लोणच्याच्या बरणीतली गंगा

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. बरणी म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर त्यात तुमची चूक नाही, माझं अर्धं आयुष्य लोणच्यातच गेलं. पण आज मी लोणच्याचं सांगायला बसलेली नाही. मला लाजेबद्दल बोलायचं आहे, आणि ते सोपं नाही. काचेला काही झाकता येत नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म कुठल्याशा भट्टीत झाला. ते मला आठवत नाही. आठवतं ते आमच्या गावातल्या द्वारका चौकाजवळचं भांड्यांचं दुकान आणि मला बोटाच्या पेरानं वाजवून बघणाऱ्या शैलाताई. त्यांनी मला घरी आणलं, उन्हात वाळवलं आणि कैरीच्या फोडींनी गळ्यापर्यंत भरलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हाच नेम. हिंग, मोहरी, मेथी, वरून गार केलेलं तेल. माझ्या तोंडाला फडकं बांधताना शैलाताई घरातल्या सगळ्यांना दम भरायच्या की ओला चमचा कुणी घालायचा नाही.

घर आडगाव नाक्याच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. शैलाताई विम्याच्या कचेरीत. त्यांचे यजमान नोकरीपायी चांदवडला जाऊन-येऊन, त्यामुळे घरात असून नसल्यासारखे. आणि शैलाताईंचे सासरे, गंगाधरपंत. आयुष्यभर त्यांनी आमच्या नदीच्या, सगळे जिला गंगाच म्हणतात तिच्या घाटावर यात्रेकरूंना पूजा-विधी सांगितले. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या काठावरचा माणूसही हात जोडायचा. विधी आटोपले की सोबत नेलेल्या कणकेच्या गोळ्या करून ते माशांना घालायचे. हा त्यांचा स्वतःचा नेम, त्याची दक्षिणा नाही. मुक्या जिवाला घास घालावा, यापेक्षा मोठं पुण्य नाही, असं ते सांगायचे. मग गुडघे गेले. शस्त्रक्रिया झाली, पण घाटाच्या पायऱ्या काही जमेनात. सकाळी अंघोळ करून पंत खिडकीशी बसायचे आणि कणीक मळायची सवय असलेली बोटं मांडीवर उगाच फिरत राहायची.

त्यांची नात मृण्मयी पुण्याला औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. परीक्षेच्या तोंडावर ती एकाएकी घरी आली. कावीळ झालीय म्हणाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितलीय, कागद हॉस्टेलवर राहिले. त्या दिवसापासून घरातली फोडणी बंद. पोरीसमोर आपण चमचमीत कसं खायचं, म्हणून सगळ्यांनाच वरणभात, उकडलेली भाजी, ताक. पंतांना लोणच्याच्या खाराशिवाय घास उतरत नसे, पण त्यांनीही ब्र काढला नाही. उरलेलं लोणचं शैलाताईंनी शेजारी देऊन टाकलं. मी रिकामी झाले.

पोर दिवसभर खोलीत असायची. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद पडायचे. नातेवाईक आले की ती झोपलेली असायची. शैलाताई दारातून हाक मारायच्या आणि उत्तर आलं नाही की तशाच परत फिरायच्या. आपली हुशार, बडबडी मुलगी कुठे गेली हे त्यांना समजत नव्हतं. आजारी माणूस बरं होतं, ही काही बरी होईना. इथल्या डॉक्टरांकडे चल म्हटलं तर पुण्याचीच औषधं चालू आहेत म्हणायची.

एके दिवशी मृण्मयी स्वयंपाकघरात आली आणि मला उचललं. तिनं फोनवर कुणाचा तरी छोटं मत्स्यालय करण्याचा व्हिडिओ पाहिला होता. यंत्र नको, पंप नको, नुसती माती, झाडं आणि पाणी. फक्त त्यावर काही खर्च करायचा नाही असं तिनं आईला बजावलं. घरात बसून खातेय तेवढं पुरे आहे, म्हणाली. शैलाताईंना तर ती खोलीबाहेर आली याचाच इतका आनंद, की पोरीनं मागितलं असतं तर त्यांनी पाण्याचं पिंपही दिलं असतं.

मग माझी अंघोळ सुरू झाली. सोड्यानं, चिंचेनं, गरम पाण्यानं. उन्हात ठेवायची, हुंगायची, पुन्हा घासायची. माझा हिंगाचा वास जाता जाईना, आणि मला पहिल्यांदा माझ्या वासाची लाज वाटली. तळाला तिनं जुन्या कुंडीतली चाळलेली माती घातली. त्यावर शेजारच्या बांधकामावरून विचारून आणलेली वाळू, तांदूळ धुवावेत तशी निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली. पेठ रोडच्या नर्सरीत कमळाच्या टाकीत पाणगवत माजलं होतं, ते माळ्यानं हसत हसत मूठभर दिलं. एकेक काडी ती चिमट्यानं वाळूत रोवत होती. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून पाणी बादलीत भरून ठेवलं होतं. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली, म्हणजे माती ढवळायची नाही. अभ्यासाचा जुना दिवा माझ्या डोक्यावर आला. किती तास गेले तिला कळलं नाही. शैलाताई दाराआडून बघत होत्या, आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

गवतानं मूळ धरलं, नवे फुटवे आले. मग समोरच्या इमारतीतल्या पिंकीकाकूंनी त्यांच्या गच्चीवरच्या हौदातले तीन गप्पी मासे दिले. डास होऊ नयेत म्हणून सोडलेले, त्यांची पिल्लावळ झाली होती. माझ्या पोटात आजवर खारात बुडालेल्या फोडी होत्या. आता तिथं शेपट्या हलत होत्या! मला काय वाटलं ते कसं सांगू? हॉलच्या खिडकीत मला ठेवलं तेव्हा मी नवरीसारखी नटले होते.

पंत माझ्यासमोर येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. “गंगा घरी आली,” म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. मृण्मयी उशिरा उठायची, शैलाताई डब्याच्या गडबडीत. पंत अंघोळ करून, ओल्या पंच्यानं, परातीतली चिमूटभर कणीक उचलून माझ्यापाशी यायचे. ओठांत मंत्र, बोटांत गोळ्या. एक, मग आणखी एक, मग मन भरेना म्हणून आणखी. मासे पहिल्या गोळीवर झडप घालायचे, उरलेल्या गवतात खाली जाऊन बसायच्या. पंतांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं होतं. मी सगळं पाहत होते. पण मी स्वयंपाकघरात वाढलेली. आमच्याकडे वाढताना कुणी हात आखडता घेत नाही, नको म्हणणाऱ्याच्या पानातही एक पोळी पडते. खायला घालणं वाईट असू शकतं, हे मला कोण सांगणार? आणि त्या घरात तरी ते कुणाला सुचणार होतं?

पाणी आधी ढगाळ झालं, मग दुधाळ. वास यायला लागला. मृण्मयी स्वतः चिमटीत मावेल एवढंच खाणं एक दिवसाआड घालायची, तिला काही कळेना. थोडं थोडं पाणी बदलून बघितलं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. एक गेला. मग दुसरा. तिसऱ्याला तिनं वाटीत काढून ठेवलं आणि वाटी हातात धरून बसून राहिली. तोही गेला.

शैलाताई सहज बोलून गेल्या की लोणच्याच्या बरणीत मासे कसे जगायचे, मीठ-तेल काचेत मुरलेलं असतंच. झालं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच मुरलं असेल, मला वाटलं. माझ्याच अंगातलं मीठ त्यांच्या अंगात गेलं असेल. ज्या पोरीनं मला दिवसदिवस घासलं, तिची पोरं मी पोटात घेऊन मारली. पुढे कुणी माझ्याकडे पाहिलं की वाटायचं, आता तडा जावा आणि सुटावं.

मृण्मयीनं मला रिकामं करायला घेतलं. गवत उपटताना चमच्याला काहीतरी लागलं. पांढरट, केसाळ बुरशी आलेला गोळा. काय हे, म्हणून तिनं उजेडात धरला. शैलाताई म्हणाल्या, बुरशी असेल, लोणच्याला येते तशी. दारात पंत उभे होते. त्यांनी तो गोळा पाहिला. त्यांचा चेहरा पडला आणि काठी टेकत ते मागच्या मागे फिरले.

त्या दिवशी मला कळायला हवं होतं, पण मी माझ्याच लाजेत बुडालेली. मला पाणी आणि चार काड्या गवतासकट बाल्कनीत ठेवून दिलं. पोर पुन्हा खोलीत गेली. आता तर जेवायलाही बाहेर येईना. पंत खिडकीशी बसत, पण बोटं हलत नसत. पूजा सांगणारा तो आवाज घरातून नाहीसाच झाला.

एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, शैलाताई तिला हॉलमध्ये आणून, जवळ बसवून विनवत होत्या की आता तब्येत बरी दिसतेय, कॉलेजला फोन तर कर. मृण्मयी बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणाली, “तीन मासे जगवता आले नाहीत मला. मी लोकांना औषधं काय देणार, आई?”

शैलाताई काही बोलायच्या आत पंत उठले. काठी विसरून भिंतीला धरत आले.

“मासे तुझ्या हातून नाही गेले. मी मारले. रोज सकाळी कणीक घालत होतो. तो गोळा कणकेचा होता.”

मृण्मयी त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मी तुमच्यासमोर रडत होते, आजोबा. तुम्ही बघत होतात.”

“हो. बघत होतो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

पंतांची मान खाली गेली. “जन्मभर लोकांना पाप-पुण्य सांगितलं. त्याच तोंडानं हे कसं सांगायचं, ते जमेना. लाज वाटली गं.”

ती उठून खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी निर्दोष सुटले होते. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? चोर सोडून संन्याशाला फाशी टळली म्हणून मी नाचायला हवं होतं. पण त्या थोर माणसाची ती खाली गेलेली मान पाहवेना. राहू दे की तो दोष माझ्याकडेच, असं वाटलं. काच काय, धुतली की झाली.

दिवेलागणीला दार उघडलं. मृण्मयी येऊन पंतांच्या पायाशी बसली. शैलाताई स्वयंपाकघराच्या दारात, हातात उकडलेल्या दुधीचं पातेलं.

“आजोबा, मला कावीळ झालीच नव्हती.”

मग ती बोलत राहिली. एका विषयात नापास झाली होती. वर्गात पहिली येणारी मुलगी, तोंड कसं दाखवायचं म्हणून तिनं तासाला जाणं सोडलं. मग परीक्षेलाही बसली नाही. घरी यायचं तर कारण हवं, म्हणून कावीळ. आणि मग रोज आई आपल्यासाठी बिनतेलाचं रांधतेय, आजोबा खाराशिवाय भात गिळताहेत, हे बघून प्रत्येक घास तिला चोरीचा वाटत होता. सांगायचं रोज ठरवायची, रोज लाज आडवी यायची.

शैलाताई आत निघून गेल्या. नळ बराच वेळ नुसताच वाहत होता. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. तेवढ्यात तेल तापल्याचा वास आला. मोहरी तडतडली, मागोमाग हिंग, लसूण, सुकी मिरची. त्या घरात कित्येक महिन्यांनी फोडणी पडली होती. ताटं वाढताना शैलाताईंचे डोळे लाल होते आणि आवाज कडक. “उद्या कॉलेजला फोन करायचा. माझ्यासमोर,” एवढंच म्हणाल्या. पोरीनं मान हलवली आणि त्या दिवशी तिनं दोनदा भात घेतला.

कॉलेजनं पालकांना घेऊन या म्हणून सांगितलं. राहिलेली परीक्षा देऊ देतील की वर्ष वाया जाईल, ते तिथं गेल्यावर ठरणार. शैलाताईंनी रजा टाकायची तयारी केली, पण पंत म्हणाले, मी जातो.

मी आता पुन्हा हॉलच्या खिडकीत आहे. पाणी निवळलंय, गवतानं तळ भरलाय, गवतासोबत चोरून आलेली एक गोगलगाय माझ्या अंगावरून सावकाश फिरते. मासे अजून नाहीत, आणि कुणाला घाईही नाही. बसल्या बसल्या मी विचार करते. तो दोष माझ्याकडेच राहिला असता तर पंत सुटले असते, आणि पोर बुडाली असती. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते. घरात काही बिघडलं तर ते बरणीवर ढकलू नका. आम्ही मुकाट्यानं घेतो हो अंगावर, पण त्यानं कुणाचं भलं होत नाही.

आज सकाळी दोघं पुण्याला निघाले. मृण्मयी उंबऱ्याशी येऊन थांबली. पिशवी खांद्याला, पण पाऊल पुढे पडेना. तिथं सगळे ओळखीचे असतील, सर असतील, काय म्हणतील, असं पुटपुटली. पंत आधीच जिन्याचा कठडा धरून, गुडघा सांभाळत, एक पायरी उतरले होते. त्यांनी मागे वळून हात पुढे केला.

“एकटीला मान खाली घालायला जड जातं, बाळा. चल, दोघं मिळून घालू.”

तिनं त्यांचा हात धरला. मग बराच वेळ काठीचा आवाज पायरी-पायरीनं खाली जात राहिला, आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला.