लाल ती तिकोनी

तिकोनीकाकांना रंग कळत नव्हते. सगळेच नाही म्हणा, निळा कळायचा, पिवळा कळायचा. पण लाल आणि हिरवा यांचा त्यांच्या डोळ्यांत जन्मापासून घोळ होता. दोन्ही त्यांना एकाच मळकट तपकिरी घरातले सख्खे भाऊ दिसायचे. आता असतं एखाद्याला असं, त्यात काय मोठंसं! पण या गृहस्थांचा धंदा काय, तर रंगीत काचेचे तुकडे एकेक करून चिकटवायचे, त्यांचे दिवे करायचे आणि फुटलेले दुरुस्त करून द्यायचे. आणि त्याहून कहर म्हणजे ही गोष्ट त्यांनी सख्ख्या बायकोपासून लपवली होती. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आता ती स्वतःच्या पोरांवर ओरडायला लागली, तरी काकांच्या तोंडून याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता.

लपवायला कारणही तसंच होतं. काका मूळचे वायरमन. एका दिव्यांच्या दुकानात वायर ओढायला गेले, तिथे मालकाची मुलगी काचा पुसत बसलेली दिसली, आणि मग त्या दुकानातली वायर काही केल्या संपेचना. शेवटी मालकालाच कळलं की हा पोरगा वायरसाठी येत नाहीये. लग्न झालं. पण सासरेबुवा म्हणजे महाकडक माणूस. "ज्याला रंग कळत नाही, त्यानं काचेला हात लावू नये," हे त्यांचं पालुपद, दिवसातून दहा वेळा. जावयानं दरवेळी मान डोलावली आणि तोंडाला कुलूप घातलं.

सासरेबुवा गेले, दुकान मुलीकडे आलं, आणि तिनं नवऱ्याला शेजारी बसवून काम शिकवायला घेतलं तेव्हा काका घाबरलेच. आता आपलं बिंग फुटणार, आपण परत वायरी ओढायला जाणार! पण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"हे बघा, बाबांचं एक शास्त्र आहे. लाल काच नेहमी तिकोनी कापायची. हिरवी नेहमी चौकोनी. यात बदल करायचा नाही."

"असं का पण?"

"शास्त्राला का विचारायचं नसतं."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून त्यांनी दुकानात रंगाचं नाव घेणं सोडलं ते सोडलंच. "तिकोनी दे गं", "चौकोनी संपत आल्यात", असं त्यांचं बोलणं. गिऱ्हाइकानं विचारलं, "लाल फुलांचा दिवा आहे का?" की हे म्हणणार, "तिकोन्यांचा ना? आहे की!" लोकांना वाटायचं ही धंद्यातली भाषा असेल. पोरांनी तिकोनीकाका हे नाव पाडलं आणि मोठ्यांनीही तेच उचललं. बाहेरच्या कुणी घडवलेला दिवा दुरुस्तीला आला, तर काकू त्याला लागणारे तुकडे आधीच बशीत काढून ठेवायच्या. काका ते चिकटवायचे, सांध्यात काच घट्ट धरणारं पांढरं लुकण भरायचे, ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचे. हात मात्र सोन्यासारखा होता हो त्यांचा, तिथे नाव ठेवायला जागा नव्हती. मनातल्या मनात ते सासरेबुवांचे आभार मानायचे. म्हातारा जिवंत असताना कधी गोड बोलला नाही, पण जाताना शास्त्र ठेवून गेला आणि जावयाची अब्रू राखली.

एकच गोष्ट काकूंनी बजावून ठेवली होती. बाबांनी घडवलेला जुना दिवा दुरुस्तीला आला, तर त्याला फक्त काकूंनीच हात लावायचा. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बापाच्या हातचं काम, लेकीचा जीव अडकलेला असणारच.

तर झालं असं की काकूंच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काकू तिच्याकडे गेल्या. उद्या परत यायच्या होत्या. दुकानात काका एकटे. आणि नेमक्या त्याच दिवशी समोरच्या शिंपीणबाई उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आल्या.

"काकू नाहीत वाटतं?"

"मी आहे ना! काय झालं?"

"मांजरानं उडी मारली हो काका. सासूबाईंच्या वेळचा दिवा आहे." त्यांनी अभ्रा बाजूला केला. काचेचा घडा, वर पितळी कंठ, आणि एका कुशीतले तुकडे गळून आतली साधी काच उघडी पडलेली. "गळलेल्या तुकड्यांचा चुरा झाला. मी मेली घाईघाईत झाडून फेकून दिला."

"आणि हे सांधे एवढे भुसभुशीत कसे झाले?"

शिंपीणबाईंनी मान खाली घातली. "मी तो दर महिन्याला नळाखाली धुते. साबण लावून."

"आंघोळ घालता? दिव्याला?" काकांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, पाण्यानं सांधा फुगतो, मग तुकडा सुटतो. मांजर बिचारं उगाच बदनाम झालं. कोरडा मऊ ब्रश फिरवायचा, वरून सुती फडकं. आणि उचलायचा तो या कंठाला धरून, पोटाला धरून नाही."

बोलता बोलता त्यांचा अंगठा पितळी कंठावरून फिरला आणि थबकला. कडेनं बारीक ठोक्यांची दुहेरी ओळ होती. ही खूण त्यांनी सासरेबुवांच्या दुकानात वायर ओढताना शंभरदा पाहिली होती. दिवा सासरेबुवांचा होता.

"मग मी काकू आल्यावर येते," शिंपीणबाई म्हणाल्या.

इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण नाही! त्यांना ते वाक्य लागलं. शिवाय सकाळीच काकूंशी फोनवर बोलणं झालं होतं. बहिणीच्या उशाशी खुर्चीत बसून बसून त्यांची पाठ आखडून गेली होती आणि आवाज अगदी उतरला होता. काकांच्या मनात आलं, ती दमूनभागून दारात येईल आणि समोर बाबांचा दिवा, लखलखीत, पेटलेला. काय चेहरा होईल तिचा! एरवी सगळं तीच आपल्या हातात आणून देते. एकदा आपण काहीतरी तिच्या हातात द्यावं.

"ठेवून जा," ते ऐटीत म्हणाले. "उद्या दुपारी न्यायला या. मी काय इथे नुसता फडकं मारायला बसलोय?"

स्वारी कामाला लागली. टोकदार काडीनं भुसभुशीत लुकण उकरलं, ब्रशनं पूड झटकली, उघडी जागा कोरडी पुसली. मग उरलेल्या फुलांवर बोट फिरवून नक्षी वाचली. मध्ये पिवळा मणी, भोवती चौकोन, आणि चौकोनांच्या बाहेर जोडीजोडीनं तिकोन. गळलेल्या भागात एक अख्खं फूल गेलं होतं. तिकोनाच्या जागी तिकोनी, म्हणजे लाल. चौकोनाच्या जागी चौकोनी, म्हणजे हिरवी. सासऱ्याचाच दिवा आणि सासऱ्याचंच शास्त्र, त्यात चुकायचं काय? त्यांनी दोन्ही बरण्या पुढ्यात ओढल्या आणि एकेक तुकडा बसवला. मधला मणी तसाच, तितकाच मोठा मिळाला. फूल बंद झालं तेव्हा काका खुर्चीत मागे रेलले आणि स्वतःवरच खूश होऊन शीळ घालू लागले.

गोंद रात्रभर सुकला. सकाळी लुकण भरलं, पुसलं, नवी वायर घातली, कमी तापणारा बल्ब लावला आणि दिवा दुकानाच्या मधोमध टांगून बटण दाबलं. भिंतीवर ठिपके उमटले. नवीन फूल जुन्यांत असं मिसळून गेलं होतं की काकांना स्वतःलाच ते शोधावं लागलं. कुठे किंचित गडद वाटलं, पण नवी काच जरा गडद असायचीच.

शिंपीणबाई आल्या, दिव्याकडे बघून हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

"काका, हे फूल हिरवं का?"

"कुठलं?"

"हे काय, नवीन. बाकीची फुलं लाल आणि पानं हिरवी. इथे फूल हिरवं आणि पानं लाल!"

काकांना वाटलं थट्टा चाललीये. पण शिंपीणबाई दिवसभर कापडाला दोरा जुळवणारी बाई, रंगाच्या बाबतीत त्यांचं कोण खोडणार? त्यांनी बोट लावून दाखवलं. पाकळ्या चौकोनी, त्या लाल. पानं तिकोनी, ती हिरवी. अख्ख्या दिव्यात तसंच होतं, फक्त काकांच्या फुलात उलटं.

"राहू दे हो," काकांचा चेहरा बघून त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मला काही घाई नाही. काकू आल्या की बघतील." आणि गेल्या बिचाऱ्या.

काका स्टुलावर बसले. पहिला विचार आला तो असा की म्हातारा चुकला. दुसरा लगेच आला की म्हातारा एका जागी चुकेल, अख्ख्या दिव्यात कसा चुकेल? स्वतःचं शास्त्र कुणी स्वतःच असं धाब्यावर बसवतं का? म्हणजे मग शास्त्र त्याचं नव्हतंच. मग कुणाचं?

आणि मग एकेक आठवायला लागलं. "टोमॅटो तुम्ही आणू नका, तुम्हाला भाव करता येत नाही." "दोऱ्याचा नमुना दुकानदाराच्या हातात द्या, तुम्ही निवडत बसू नका, ते लोक फसवतात." बाबांच्या दिव्याला हात लावायचा नाही. बाहेरच्या दिव्यांचे तुकडे आधीच बशीत. त्यांचे मोजे सगळे एकजात काळे. हिला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं!

आधी शरम वाटली. मग रागही आला थोडा, खोटं कशाला बोला, इतकी वर्षं आपल्याला येड्यात काढलं म्हणून. पण राग काही टिकेना. कारण समोरच्या गच्चीखाली शिंपीणबाईंनी काकूंच्याच हातचा दुसरा एक दिवा लावला होता. त्यात तिकोनी तुकडे होते. पलीकडे औषधवाल्याच्या काउंटरवर एक होता, त्यातही. गल्लीतल्या किती घरांत, जिन्यांत, खिडक्यांत या दुकानाचे दिवे होते, आणि प्रत्येकात लाल ती तिकोनी. लोक म्हणायचे, ही यांची खास नक्षी. कसली नक्षी! एका बाईनं नवऱ्याची लाज राखायला केलेली खूण होती ती. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात काकू आल्या. पिशवी हातातच राहिली. त्या वर बघत उभ्या राहिल्या.

"बाबांचा दिवा," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर त्या फुलावर गेली.

मांजरावर ढकलता आलं असतं. अंधुक दिसलं, चष्मा नव्हता, असं काहीही सांगता आलं असतं. काका उठून उभे राहिले.

"मला लाल आणि हिरवं कळत नाही गं," ते म्हणाले. "कधीच कळलं नाही."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "हुश्श," त्या म्हणाल्या. "सांगितलंत एकदाचं."

"म्हणजे ते शास्त्र..."

"कसलं शास्त्र घेऊन बसलात! बाबा नक्षी मागेल तसं कापायचे."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही वायर ओढायला आलात ना, तिसऱ्या का चौथ्या दिवशी. म्हणालात, हा लाल स्वेटर तुम्हाला फार शोभतो."

"शोभायचाच तो! किती वर्षं घातलास, कोपरं विरली तरी टाकवला नाही तुला."

"हिरवा होता."

मग दोघंही हसत सुटले, इतके की काकूंना आखडलेली पाठ धरून खाली बसावं लागलं.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी डोळे पुसत विचारलं.

"तुम्ही तरी कुठे बोललात? म्हटलं, माणूस लपवतोय तर लपवू दे. वाटेल तेव्हा सांगेल. तोवर त्याचं काम अडायला नको."

"आणि मी कधीच सांगितलं नसतं तर?"

"तर काय," काकू म्हणाल्या, "तिकोनी कापत राहिले असते."

काकांनी स्टूल दिव्याखाली ओढलं. त्यांनी दिवा खाली काढला, कंठाला धरून, आणि टेबलावर कापडाच्या चुंबळीत ठेवला. नवीन फुलाचं लुकण अजून पुरतं कडक झालं नव्हतं. त्यांनी काडीनं ते उकरलं, तुकडे एकेक करून अलगद सोडवले. काकूंनी चहा टाकला, चष्मा लावला आणि शेजारी येऊन बसल्या. लाल काचेच्या तावातून त्यांनी आधी चौकोन कापून दिले, त्यांच्या पाकळ्या झाल्या. मग बरणीतला एक हिरवा चौकोन पकडीत धरला आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कट्‌कन मोडला. त्याचे दोन तिकोन झाले. या दुकानात काकांच्या डोळ्यांदेखत हिरवा तिकोन आजच पहिल्यांदा कापला गेला.

काकांनी डोळे दिव्यावर ठेवून नेहमीसारखा हात मागे पसरला. "तिकोनी..." ते म्हणाले आणि थांबले. "हिरवी दे गं."

"ही घ्या हिरवी," काकू म्हणाल्या आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

काकांनी तो उजेडात धरून पाहिला. त्यांना तो तपकिरीच दिसला. मग त्यांनी त्याच्या पाठीला गोंद लावला आणि फुलाच्या बाहेर, पानाच्या जागी बसवला.