विसावं नाव

“एकशे साठ चोक किती?” शाळा तपासायला आलेल्या नायकसाहेबांनी विचारलं.

“एक गुंडी,” तेजल म्हणाली.

साहेब हसले आणि हातातल्या कागदावर फुली मारली. शिक्षिका धनुबेन चौधरी पुढे झाल्या. पोरगी चुकली नव्हती. सुताच्या एकशे साठ तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी. गांधीजींच्या पद्धतीच्या या बुनियादी शाळेतली मुलं पाढे टकळीवर सूत कातताकातताच शिकतात.

“साहेब, तिला सहाशे चाळीस येतं. तिनं ते बोटांनी मोजलंय.”

“मग तोंडानं सांगायला शिकवा, बेन.”

हेच नायकसाहेब पूर्वी अध्यापन महाविद्यालयात धनुबेनना शिकवायला होते. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद, बुनियादी शिक्षण : उद्दिष्टांची तुलना करा, गुण पंधरा. एकाला माणूस चांगला हवा, दुसऱ्याला मूल मोकळं हवं, तिसऱ्याला जगण्यात उपयोगी पडेल तेच हवं, चौथ्याला हात, डोकं आणि मन एकत्र चालायला हवं. धनुबेनना तेरा मिळाले. त्या तेरा गुणांवर विश्वास ठेवून त्यांनी या पाड्यात एकोणतीस वर्षं घातली. साहेब तीच तुलना शिकवून बढती घेऊन मोकळे झाले, आणि आता गावोगाव फुल्या मारत हिंडत होते. फुल्या कुठल्याच वादात नव्हत्या.

पटावर वीस मुलं होती. एकोणीस झाली की शाळा बंद. पुढची शाळा आठ किलोमीटरवर, म्हणजे मुलगे चालत जाणार आणि मुली घरी बसणार.

आणि आजच चंपक गामित दारात येऊन उभा राहिला. तेजलचा बाप. तोही धनुबेनच्याच हाताखाली शिकलेला.

“बेन, तेजलचा दाखला द्या. सुरतेला नेतोय. इंग्रजी शाळा बघितलीय.”

धनुबेन त्याला ओसरीवर घेऊन गेल्या.

“दिवाळीपर्यंत ठेव रे. ती गेली की शाळा जाते. पाया पडते तुझ्या.” आणि त्या खरोखरच वाकल्या.

चंपकनं त्यांचे खांदे धरले. “असं नका करू बेन. तुम्ही वाकलात तर मी तोंड कुठं लपवू?”

“काय कमी पडलं आमचं, ते तरी सांग.”

“सांगू? मी गिरणीत कापडाचे ताके मोजायचो. शेठ म्हणाला, पंच्याण्णव मीटरवर शंभर लिही. नाही लिहिलं. हाकलला. दुसऱ्या गिरणीतही तेच. बायको म्हणते, तुमच्या बेननं तुम्हाला कामाचं ठेवलं नाही.”

“मग मी चुकीचं शिकवलं?”

“बरोबर शिकवलंत. तिथंच तर मेलो. तेजलला मला शेठची पोरं जातात त्या शाळेत घालायचंय. माझ्यासारखी नको व्हायला.”

आतून साहेबांचा आवाज आला. “पालकांचं उद्दिष्ट वेगळं असतं, बेन. मी वर्गात सांगायचो.”

“याला किती गुण, साहेब?”

साहेब घड्याळ बघू लागले. मग म्हणाले, “पट एकोणीस लिहितो.”

धनुबेननी दाखल्याचं पुस्तक काढलं. वर्तणूक : उत्तम. “सोडण्याचं कारण काय लिहू?”

“वडिलांची इच्छा,” चंपक म्हणाला.

त्यांनी लिहिलं. शिक्का मारला, तो दुहेरी उमटला.

चंपकनं दाखला घडी करून खिशात ठेवला. “आज अंगणाची पाळी कुणाची?”

“माझी,” तेजल म्हणाली. “मी झाडते, मग जाऊ.”

“तू दप्तर भर.” त्यानं कोपऱ्यातला खराटा उचलला. पायरीपासून फाटकापर्यंत, दुसरीत शिकवलं होतं तसं, लांब आणि सरळ झाडलं. कचरा खड्ड्यात टाकला, खराटा झटकून जागेवर उभा केला. मग पोरीचा हात धरून चालू लागला. धनुबेनकडे त्यानं वळून पाहिलं नाही. पोरीनं दोनदा पाहिलं.

साहेब फाईल काखेत मारून जीपकडे निघाले.

“साहेब,” धनुबेन म्हणाल्या, “जरा कडेनं जा.”

झाडलेल्या मातीत फाटकापर्यंत पावलांच्या दोन रांगा गेल्या होत्या. एक मोठी, एक लहान.