बॉनेटवरचा नारळ

नेरूळ गावात मारोती पाटलांच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध त्यांची जुनी ऐटबाज विलायती गाडी, तिच्यापुढे भूतबाधा उतरवणारा शिवा भगत, आणि बाजूला ट्रंक घेऊन उभी नवी सून वैजयंती. गाडी आज पुन्हा बंद पडली, तर पोरीला कायमची माहेरी धाडायची, असं ठरलं होतं. पण तिला माहेरी होतं कोण? आईबाप गेलेले, भाऊ बोटीवर.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. चार महिन्यांपूर्वी तिच्या वरातीतच ही गाडी भर रस्त्यात अडली होती आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली होती. पुढेही गाडी लग्नाच्या भाड्याला गेली की अधूनमधून तेच. मेकॅनिकने बॉनेट उघडावं, तर आत सगळं ठणठणीत! मग काय, सून पांढऱ्या पायाची.

मी महाप्याला गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो; त्या दिवशी मीही त्या गर्दीत होतो. वैजयंती माझ्यापाशी आली.

"दादा, पाया पडते, कायतरी शोधा. मी जाऊ कुठं?"

मला त्या भगताचा असा संताप आला म्हणून सांगू!

"पिडा गाडीत हाय का पोरीत, आता समजंल!" भगत गरजला. दत्तू, म्हणजे तिचा नवरा, गाडी गावात फिरवून आणून तयारच होता. भगताने बॉनेटवर नारळ फोडला, वैजयंतीला मागे बसवलं. गाडी फाटकापर्यंत गेली, आचके दिले, बंद! तिला उतरवून भगताने अर्धा तास धूप घातला, आणि गाडी चालू!

"बगा, उतरली तशी चालू!" भगत म्हणाला. सासू दुर्गाबाईंनी ट्रंक उचलली.

"थांबा!" मी ओरडलो. "आता वैजयंती बसेल, पण नारळ नाही."

"विधी मोडला तर कोप व्हईल!" भगताने दम दिला.

"होऊ दे, माझ्यावर होऊ दे."

गाडी हायवेपर्यंत जाऊन ऐटीत परत आली.

"आता फोडा नारळ, आणि भगत, तुम्ही बसा!"

भगताला एकाएकी घरची कामं आठवली, पण लोकांनी त्याला आत कोंबला. गाडी फाटकाशी बंद.

"काय भगत, तुमचे पाय कुठल्या रंगाचे?" मी विचारलं. बायका हसल्या.

मग मी बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीच्या, टोपीला केसाएवढी चीर होती. नारळाचं पाणी बॉनेटच्या फटीतून तिच्यावर गळायचं, ठिणगी प्लगपर्यंत पोचायची नाही. इंजिनच्या उष्णतेने पाणी वाळलं की गाडी चालू. मेकॅनिक येईस्तोवर सगळं कोरडं. दत्तूला आठवलं, ज्या लग्नांत नारळ चाकाखाली फोडला, तिथे गाडी कधीच अडली नव्हती. आणि स्वतःच्या वरातीत बॉनेटवर नारळ फोडला होता तो दुर्गाबाईंनीच.

"चल गं घरात," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या.

वैजयंती हलली नाही. "आदी सगल्यांसमोर बोला, आई. माझा दोष नवता."

दुर्गाबाईंनी मान खाली घातली. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "नवता गं पोरी. नवता."

बाबांनो, कुठलंही संकट कुणा बाईच्या माथी मारण्याआधी एवढं करा: तिला बाजूला ठेवून तीच गोष्ट पुन्हा करून बघा. चार महिन्यांत हे कुणीच करून पाहिलं नव्हतं, तिच्या नवऱ्यानेसुद्धा नाही.