शेळीने चघळलेली गोफण

मित्रांनो, चुडाव्याच्या या घरात खुंटीवर दोरीचं जे भेंडोळं दिसतंय ना, ती मी. एक जुनी गोफण. अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या आणि मधोमध दगड बसायला विणलेला खोलगट पट्टा, एवढाच माझा देह. मनकर्णाबाईंनी मला स्वतः विणलं. ज्वारीत दाणा भरला की त्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून मला डोक्याभोवती फिरवायच्या, आणि दगड सुटला की भोरड्यांचा थवा भुर्रकन पांगायचा. "माझी गोफण म्हंजी घरचा गडी," असं त्या चारचौघींत सांगायच्या. मी फुगून जायची.

पण कौतुक करणारा हातच कधी बेफिकीर होतो. सुगी सरली की मी कधी सरपणाची दोरी व्हायची, कधी पोहऱ्याची. एका फाल्गुनात तर ज्वारी उभी असतानाच मी दावं झाले.

त्या सकाळी बाईंची नणंद गीताबाई परभणीहून रेल्वेनं आली. शाळेत शिकवायची, गळ्यात दुर्बीण. तिला पाखरं बघायची होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून उद्या बंद होणार अशी कुजबुज होती, म्हणून दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. उभी ज्वारी टाकून अर्धा दिवस हिंडायचं बाईंच्या जिवावर आलं. वर्षाची भाकर त्या कणसांत होती. पण नणंदेला नाही कसं म्हणावं? घाईत शेळीचं दावं सापडेना, म्हणून त्यांनी मलाच तिच्या गळ्यात अडकवलं. चहा होईस्तोवर शेळीनं माझी एक दोरी चघळून निम्म्या जाडीची केली. निघताना बाईंनी शेळी शेजारणीच्या हवाली केली आणि मला न बघताच कमरेला खोचलं.

वाटभर माझा जीव टांगणीला. ही दोरी फिरवताना तुटली तर दगड कुणाच्या डोक्यात जाईल? पण मला तोंड कुठं होतं!

ओढ्याकाठच्या पळसांना फुलं आली होती. गीताबाई पावलापावलाला थांबायची.

"वैनी, बघा बघा, खंड्या!"

"दिसला. चला आता."

"तुमी तर मान बी वळवली न्हाई."

"वन्सं, तुमी पाखरं बघायलाव, अन् पाखरं माझी ज्वारी बघायलीत."

"आज एकालाबी मारू नका हं. किती लांबून येतात बिचारी!"

"लांबून येऊन माझ्याच ताटात बसत्यात."

शेतावर आलो तो काय, कणसं दिसेनात, नुसत्या गुलाबी-काळ्या भोरड्या! बाई धावत माळ्यावर चढल्या. माझ्यात दगड बसला. गीताबाई बांधावर उभी होती. तिनं दुर्बीण आधी थव्यावर धरली, मग वहिनीवर, आणि एकदम किंचाळली, "वैनी, थांबा! फिरवू नका!"

"आला पाखरांचा पुळका!" बाई वरून ओरडल्या.

एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला मी तुटले. दगड गीताबाईच्या कानाजवळून सणाणत गेला आणि बाभळीला टांगलेलं पाण्याचं मडकं फुटलं.

बाई माळ्यावरून कशा उतरल्या, त्यांनाच ठाऊक. ज्वारी विसरून त्या नणंदेचं डोकं चाचपू लागल्या. "लागलं का? वन्सं, बोला की!"

"न्हाई लागलं," गीताबाई म्हणाली. "तुमची दोरी कुरतडलेली दिसली, म्हणून वरडले."

"मला वाटलं, पाखरांसाठी वरडायलाव." बाई मटकन खालीच बसल्या.

मागं भोरड्या खुशाल खात होत्या. मग गीताबाई सावरली. झोळीतला जेवणाचा डबा काढून तिनं झाकण बडवायला सुरुवात केली आणि ज्वारीत शिरली, "हाऽऽ! हाऽऽ!" बाईही पाठोपाठ. दुपारची गाडी शिट्टी देऊन निघून गेली, तरी दोघी ओरडतच होत्या. निम्मी ज्वारी वाचली.

संध्याकाळी बाईंनी नवा वाख घालून मला सांधलं. आता गुडघ्यांमुळे त्या माळ्यावर चढत नाहीत. तरी जाता-येता माझ्या दोन्ही दोऱ्या ओढून बघतात.

मित्रांनो, हाताखालच्या मुक्या वस्तूला कामाला लावण्याआधी एकदा निरखून बघा. तिला ओरडता येत नाही. आणि कुणी आपलं माणूस 'थांब' म्हणालं, तर कशासाठी ते आधी विचारा.

शेळीला मात्र तिचं स्वतःचं दावं असू द्या.